सोसायटीसाठी झेंडा घ्यायला जाताना टेप आणि ओला रुमाल सोबत ठेवा

मागच्या १५ ऑगस्टला आमच्या भांडुपच्या सोसायटीत सव्वाआठला झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, पोरांना खाऊ वाटला, आणि नवाच्या सुमारास जी सर आली ती अर्धा तास हलली नाही. पाऊस थोडा कमी झाल्यावर वर बघितलं तर केशरी रंगाचे ओघळ पांढऱ्या पट्ट्यात उतरलेले, आणि चक्राची निळी शाईसुद्धा एका बाजूला पसरलेली. मी आणि वॉचमनदादांनी लगेच झेंडा उतरवला. मला त्या दिवशी दुपारी जेवण गेलं नाही, खरंच सांगते. २२ वर्षं मी एक्सपोर्टच्या गारमेंट युनिटमधे चेकिंगला होते, परदेशात जाणाऱ्या शर्टाचा एक टाका सुटला तरी पीस बाजूला काढायचो आम्ही, आणि आपल्या झेंड्याचं पाकीट मात्र १३ तारखेला घाईघाईत रस्त्यावरून आणलं आणि फडकवायच्या सकाळपर्यंत कोणी उघडूनसुद्धा बघितलं नाही.

यंदा म्हणून कमिटीला सांगितलं, झेंडा मी आणते. तो कसा बघायचा, कसा मापायचा, कसा लावायचा हे सगळं इथं लिहितेय, कारण प्रत्येक सोसायटीत, शाळेत, मंडळात हीच घाई असते आणि दुकानात उभं राहून पाच मिनिटं दिली तर यातलं बहुतेक सगळं तिथंच कळतं.

सगळ्यात आधी चक्र बघा. लोक आधी रंग बघतात, मी चक्र बघते, कारण शिवणारा किती मन लावून काम करतो ते तिथं उघडं पडतं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत नेहरूंनी झेंड्याचा जो ठराव मांडला त्यातच लिहिलंय की चक्राचा व्यास साधारण पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका असावा. म्हणजे चक्र पांढरा पट्टा जवळजवळ भरून असतं. बाजारातल्या कितीतरी झेंड्यांवर ते मधोमध टिकली लावल्यासारखं एवढंसं असतं आणि आपल्या डोळ्यांना आता त्याचीच सवय झालीय. माप लक्षात ठेवायला सोपं आहे: ९०० बाय ६०० मिलीमीटरचा झेंडा, म्हणजे आपला साधारण तीन बाय दोन फुटांचा, त्याचे तिन्ही पट्टे २०० मिलीमीटरचे आणि चक्र १८५ चं. वर साडेसात आणि खाली साडेसात मिलीमीटर, एवढीच पांढरी जागा सुटते, माझ्या करंगळीचं टोकसुद्धा तिथं जेमतेम मावतं. मोठा घेतलात, १८०० बाय १२०० चा, तर पट्टा ४०० आणि चक्र ३७०. टेप लावा आणि बघा. दुकानदार म्हणेल ताई एवढं कोण बघतं, म्हणू दे.

मग आऱ्या मोजा. चोवीस. एकेक मोजत गेलात तर गोंधळ होतो, कुठून सुरू केलं तेच विसरतो माणूस, म्हणून माझी पद्धत सांगते: घड्याळ समजा, बारा, तीन, सहा आणि नऊवर चार आऱ्या सरळ असतात, आणि कुठल्याही दोघींच्या मधे पाच. चारही भागांत पाच-पाच आल्या की चोवीस झाल्या. मला मागे एक झेंडा असा मिळाला होता ज्यात एका भागात चारच होत्या, छापणाऱ्याने कुठूनतरी चित्र उचललं असणार. आणि चक्र गोल आहे ना तेही बघा, आडवं मापा, उभं मापा, दोन्ही माप एकच आलं पाहिजे, स्वस्त पॉलिस्टर छपाईच्या वेळी ताणलं गेलं की चक्र अंड्यासारखं होतं आणि मग कापड कितीही सरळ धरा, ते गोल होत नाही.

आता दुसरी बाजू, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

झेंडा उलटा करा आणि मागून बघा. चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे, ध्वजसंहितेत तसं स्पष्ट आहे, छापलेलं असो नाहीतर भरतकाम केलेलं. आता हे एवढं महत्त्वाचं का, तर झेंड्यावर चक्र आलं तेच मुळात या कारणाने आलं. त्याआधी काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा होता, १९४२ ला ९ ऑगस्टला आपल्या गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी जो झेंडा फडकवला तो चरख्याच्या तिरंग्याचा काळ. पण चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती, मग झेंड्याच्या दुसऱ्या बाजूने बघणाऱ्याला तो उलटा दिसणार. नेहरूंनी संविधान सभेत हीच अडचण सांगितली, की झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. म्हणून चरख्यातलं फक्त चाक ठेवलं, आणि ते चाक घेतलं सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहांखाली जे कोरलेलं आहे तिथलं. ठरावात शब्दच असे आहेत की हे चक्र चरख्याचं प्रतीक आहे. म्हणजे बघा, दोन्हीकडच्या माणसाला झेंडा सारखाच दिसावा यासाठी ज्या लोकांनी एवढा विचार केला त्यांचं चक्र आपण एकाच बाजूला छापून मागे फिक्कट डाग ठेवायचा, हे मला सहन होत नाही. गेटच्या आतल्यांना चक्र आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला डाग, असं कसं चालेल.

चांगल्या झेंड्यात दोन्ही बाजूंनी छपाई असते आणि ती एकमेकींवर बरोबर बसलेली असते. हे बघायला झेंडा दुकानाच्या दारात न्या, उजेडासमोर धरा, आऱ्यांना सावली दिसतेय का बघा. दुहेरी रेघ दिसली तर मागची छपाई सरकलीय. दोन-तीन दोऱ्यांचा फरक मी सोडून देते, हाताचं काम आहे, पण आरीच्या जाडीएवढी सावली असेल तर नको.

रंगाचं आता. १९४७ च्या ठरावात गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे शब्द आहेत. ट्यूबलाइटखाली रंग कधीच पास करू नका, आमच्या युनिटमधेही शेड नेहमी उजेडात नेऊन जुळवायचो, कारण एलईडीखाली केशरी दिसणारं कापड बाहेर नेलं की लालसर नाहीतर चक्क पिवळट निघतं. केशरी म्हणजे लाल नाही आणि हिरवा म्हणजे पोपटी नाही, एवढं डोळ्याला कळलं तरी पुष्कळ. रंगांचा अर्थ त्याच दिवशी सभेत डॉ. राधाकृष्णन यांनी फार सुंदर सांगितला होता, केशरी त्यागाचा, पुढाऱ्यांनी स्वतःच्या फायद्याकडे बघू नये म्हणून, पांढरा प्रकाशाचा आणि सत्याच्या वाटेचा, हिरवा आपल्या मातीशी आणि झाडापेराशी असलेल्या नात्याचा, आणि चक्र धर्माचं म्हणजे नीतीच्या कायद्याचं, शिवाय चाक म्हणजे गती, थांबलं की मरण. शाळेत आपण रंगांना धर्म चिकटवून पाठ करतो ते पोरांना तसं शिकवू नका, काँग्रेसने १९३१ लाच ठरवून सांगितलं होतं की या रंगांना जातीधर्माचा अर्थ नाही.

रंग पक्का आहे का हे बघायची ट्रिक ओल्या रुमालाची. पांढरा सुती रुमाल पाण्यात भिजवून घट्ट पिळा, बोटाला गुंडाळा आणि झेंड्याच्या कडेला, आतल्या दुमडीवर, जिथं बाहेरून दिसत नाही तिथं दहा वेळा घासा. आधी केशरीवर, मग रुमालाची जागा बदलून हिरव्यावर, मग चक्राच्या कडेवर अगदी हलक्या हाताने. रुमालाला रंग लागला तर तो झेंडा मुंबईच्या ऑगस्टमधे टिकणार नाही, विषय संपला. कारखान्यात यालाच मशीनवर रबिंग टेस्ट म्हणतात, तत्त्व तेच आहे. दुकानदार नाही म्हणाला तर समजून जा आणि पुढच्या दुकानात जा. मागच्या वर्षी ही दहा सेकंदांची टेस्ट केली असती तर तो सकाळचा प्रकार झालाच नसता.

शिवण. तीन वेगळे पट्टे जोडून शिवलेला झेंडा आणि एकाच कापडावर छापलेला झेंडा यात फरक आहे. छापलेला वाईटच असतो असं नाही पण वाऱ्यात शिवलेला जास्त टिकतो, कारण जोडावर कापडाचे पदर जास्त असतात. जोड दुमडून चपटा शिवलेला हवा, दोन्ही बाजूंनी टाका दिसायला हवा आणि कुठंही कापडाची कच्ची कड बाहेर डोकवायला नको. नखाने शिवणीवर हलकं ओढून बघा, टाके उघडतात का. सगळ्यात आधी फाटतो तो उडता कोपरा, म्हणजे खांबापासून लांबचा, तिथं उलटसुलट टाका मारून पक्कं केलंय का ते खास बघा, मी तर घरी आणून त्या दोन्ही कोपऱ्यांवर आणखी एक शिवण मारते, मूळ दुमडीच्या आतच, माप बदलत नाही. आणि खांबाकडची जी जाड पट्टी असते ज्यातून दोरी जाते ती मजबूत कापडाची हवी, खादीच्या झेंड्यात त्यासाठी वेगळं जाड कापड वापरतात. तिथं पातळ कापड असेल तर पहिल्या जोराच्या वाऱ्यात दोरी कापड चिरत जाते.

कापड कुठलं घ्यायचं हा वाद आमच्या कमिटीत दरवर्षी होतो. आधी हाताने कातलेल्या आणि विणलेल्या कापडाचाच झेंडा चालायचा, ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि आता सुती, पॉलिस्टर, लोकर, रेशीम, खादी, हातमागाचं किंवा मशीनचं, सगळं चालतं. २०२२ ला हर घर तिरंगाच्या वेळी पोस्टात २५ रुपयांना झेंडे मिळत होते, त्यामुळे घरोघरी झेंडा पोचला ही चांगलीच गोष्ट झाली. माझं मत विचाराल तर झेंडावंदनाचा सोसायटीचा मुख्य झेंडा खादीचा घ्या. खादी पाणी पिते, जड होते, वाळायला वेळ लागतो, हे सगळं मान्य, पण ती वाऱ्यावर ज्या वजनाने उलगडते ते पॉलिस्टरला येत नाही, आणि ज्या झेंड्यावरचं चाक चरख्याचं आहे तो हाताने कातलेल्या सुताचा असावा असं मला मनापासून वाटतं. बाल्कनीत दोन-तीन दिवस लावायचा असेल तर पॉलिस्टर घ्या, चांगल्या शिवणीचा, तो भिजला तरी तासाभरात वाळतो.

खादी म्हणून पॉलिस्टर खपवतायत अशी शंका आली तर दुकानदाराकडून त्याच कापडाची चिंधी मागा आणि बाहेर येऊन तिचा एक दोरा काडीवर धरा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटात चुरगळली की मऊ राख होते, पॉलिस्टर आकसतं आणि टोकाला कडक मणी होतो. झेंड्याचा दोरा ओढू नका, आणि शिवणीचा धागा तर तपासूच नका, खादीचा झेंडासुद्धा कधी कधी पॉलिस्टरच्या धाग्याने शिवलेला असतो आणि तुम्ही उगाच त्या माणसाला खोटं ठरवाल.

मानकाचा शिक्काही बघा. भारतीय मानक ब्युरोचं एक नंबरचं मानक, आयएस १, हे आपल्या झेंड्याचं आहे, देशातल्या सगळ्या मानकांत पहिला नंबर झेंड्याला दिला याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यात कापडाचे दोरे, ताकद, रंगाचा पक्केपणा, चक्राचं माप सगळं ठरवून दिलंय. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला खादीचा संघ असे झेंडे बनवतो आणि आपल्या महाराष्ट्रात नांदेडला. खादी भांडारात गेलात की विचारा झेंडा कुठून आलाय, तिथली माणसं सांगतात. मुंबईत जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच जा, ऑगस्टच्या १० तारखेनंतर मोठी मापं संपतात आणि मग माणूस रस्त्यावरचं पाकीट उचलतो. बिलावर माप आणि कापड लिहून घ्या, म्हणजे बदलून घ्यायचं झालं तर बोलता येतं.

लांबी-रुंदी ३ ला २ पाहिजे, बाकी कुठलंही प्रमाण असलं तर तो नुसता तीन रंगांचा कपडा. चारही कडा मापा, वरची आणि खालची कड सारखी हवी, आणि कर्ण मापा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं जुळली नाहीत तर कापणी तिरकी झालीय आणि असा झेंडा एका बाजूला लोंबतो.

झेंडा आला, आता लावायचं. १४ तारखेला संध्याकाळी खांबावर जा, दुसऱ्या दिवशीवर ठेवू नका. कप्पी गंजली असेल तर तेल घाला. दोरी खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर पाच-सहा फूट अशी घ्या, आणि रंगीत दोरी घेऊ नका, ओली झाली की तिचाच रंग झेंड्याला लागतो. झेंड्याच्या ज्या टोकाला लाकडी गुल्ली असते ते टोक केशरी बाजूचं, म्हणजे वरचं, गुल्ली खांबाच्या दोरीच्या फासात अडकवायची आणि खालची मोकळी दोरी दुसऱ्या टोकाला बांधायची. दरवर्षी मुंबईत कुठंतरी झेंडा उलटा लागतो तो इथंच चुकून, म्हणून बांधणाऱ्याने एकदा मोठ्याने 'केशरी वर' म्हणायचं आणि दुसऱ्या माणसाने बघून हो म्हणायचं, आमच्याकडे हा नियमच केलाय.

घडी करून फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या असतील तर राष्ट्रीय सणाला तशी परवानगी आहे, फक्त पाकळ्याच, अख्खी ओली फुलं नकोत, झेंडूचे तर डाग पडतात. आणि घडीभोवती जी दोरी येते तिला सुरगाठ मारा, निरगाठ नाही. सुरगाठ एका झटक्यात सुटते, निरगाठ बसली की पाहुणे दोरी ओढत राहतात आणि खाली सगळे माना वर करून उभे. सराव करायचा तर टॉवेल बांधून करा, झेंड्यावर नको, तीन वेळा सुटला की मग खरी घडी बांधा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हे बांधण्यात उस्ताद आहेत, नऊवारी नेसून खुर्चीवर बसतात आणि मांडीवर स्वच्छ चादर घेऊन घडी घालतात, झेंडा जमिनीला लागू नये म्हणून.

वर चढवताना झटकन, उतरवताना सावकाश, हे संहितेतलंच आहे. शेजारी सोसायटीचा किंवा मंडळाचा झेंडा असेल तर तो तिरंग्याहून उंच नको आणि बरोबरीलाही नको. भिंतीवर उभा लावणार असाल तर समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आला पाहिजे, इथं भरपूर चुका होतात, लॉबीत तर हमखास.

दोरीला ओवून माळ करायची ती छोट्या तिरंग्यांची करू नका, झेंडा सजावटीसाठी पताका म्हणून वापरायचा नाही असा नियम आहे. नुसत्या केशरी, पांढऱ्या, हिरव्या कापडी पताका आळीपाळीने लावा, गेट तेवढंच छान दिसतं. प्लास्टिकचे झेंडे तर १ जुलै २०२२ पासून बंदच आहेत, तरी सिग्नलला मिळतात, घेऊ नका, पोरांना कागदाचे द्या आणि कार्यक्रम संपल्यावर गेटवर एक स्वच्छ खोका ठेवून परत गोळा करा, म्हणजे १६ तारखेला ते गटारात दिसणार नाहीत.

पावसाचं सांगते. जुलै २०२२ च्या बदलानंतर उघड्यावर किंवा घरावर झेंडा दिवसरात्र ठेवता येतो, पण ऑगस्टच्या मुंबईत मी ठेवत नाही. नुसता पाऊस झेंड्याला मारत नाही, ओला झेंडा आणि वारा एकत्र आले की तो खांबाला फटके खात राहतो आणि कोपरा जातो. फाटलेला, विस्कटलेला झेंडा लावून ठेवणं हाही अवमानच, म्हणून जोराचं वारं सुटलं की दोघांनी जायचं, एकाने दोरी सोडायची आणि दुसऱ्याने दोन्ही हातांवर झेंडा घ्यायचा. ओला असेल तर पिळायचा नाही, सतरंजीवर चादर पसरून तिच्यावर सपाट घालायचा, पंख्याखाली, सावलीत. पूर्ण वाळल्याशिवाय घडी नको, आपल्या दमट हवेत आठ दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि पांढऱ्या पट्ट्यावरून ते कधीच जात नाहीत.

घडी अशी: झेंडा आडवा धरा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग पांढऱ्याच्या दोन्ही बाजू आत घ्या, वर फक्त चक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसेल. दोन्ही तळव्यांवर घेऊन ठेवायला न्या. आम्ही मलमलच्या पिशवीत घालून ऑफिसच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवतो, वर काही ठेवत नाही.

मागच्या वर्षीचा तो रंग उतरलेला झेंडा कपाटात तसाच होता. खराब झालेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो, फडकं म्हणून वापरायचा नसतो, अख्खाच्या अख्खा, एकांतात, शक्यतो जाळून किंवा मान राखला जाईल अशा दुसऱ्या रीतीने त्याचा शेवट करायचा. सुती असता तर गच्चीवर पत्र्याच्या डब्यात दोघांनी उभं राहून केलं असतं. तो निघाला पॉलिस्टर, जाळला की वितळून ठिबकतो आणि धूर घशाला लागतो, म्हणून आजींनी घडी घातली, पांढऱ्या कापडात बांधला आणि मागच्या आंब्याखाली हातभर खड्डा करून ठेवला. वॉचमनदादांनी माती लोटली. यंदाचा खादीचा आहे, ९०० बाय ६००, चक्र १८५, दोन्हीकडून मापलंय.